विद्रूपण कोणाचे? : वांशिक अन्याय, पोलिसी सत्ता आणि अमेरिकेतील भित्तिचित्रे

प्रास्ताविक

मराठी वाङ्मयविचाराला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जग अपरिचित नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला होता. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळी ‘निग्रो साहित्य’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाङ्मयाचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. दलित साहित्याच्या समीक्षेत ही तुलना पुढे जवळजवळ परिपाठाचीच झाली. मात्र या सर्व व्यवहाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तो शब्दकेंद्री राहिला. कविता, आत्मकथन, कादंबरी यांच्यापलीकडे आपली दृष्टी क्वचितच गेली. चित्रकला, आणि त्यातही रस्त्यावरची चित्रकला, आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली. याचे एक साधे कारण असे असावे की ग्रंथ मागवता येतो, भिंत मागवता येत नाही.

२०२० साली मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि त्यानंतर जगभरच्या भिंतींवर त्यांचा चेहरा उमटला. ही चित्रे आपल्यापर्यंत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून पोहोचली. म्हणजेच ती भिंतीपासून सुटून पोहोचली. त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली ती प्रायः दोन परिचित वळणांनी गेली. एका बाजूने या चित्रांचे स्वागत त्यांच्या संदेशासाठी झाले. दुसऱ्या बाजूने ती कला नव्हेत, घोषणाफलक आहेत, असे म्हटले गेले. फडके-खांडेकर वादाची आठवण यावी अशीच ही विभागणी आहे. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही पक्ष चित्राच्या चौकटीच्या आतच पाहतात. एक आशय पाहतो, दुसरा रूपबंध पाहतो. ज्या भिंतीवर चित्र काढले आहे तिच्याकडे कोणीच पाहत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पोलिसी अन्यायाला उत्तर म्हणून काढलेल्या भित्तिचित्राचे मूल्यमापन भिंतीपासून सुरू केले पाहिजे. ती भिंत कोणाची, तिच्यावर रंगवण्याची परवानगी कोणी दिली, चित्र पुसण्याचा अधिकार कोणाला आहे आणि ते फिके पडल्यावर पुन्हा कोण रंगवते, हे प्रश्न येथे कलाबाह्य ठरत नाहीत. पोलिसांची सत्ता ही माणसांच्या शरीरांवर चालते तशीच ती शहराच्या पृष्ठभागांवरही चालते, आणि या दोन सत्तांचा संबंध कित्येकदा थेट असतो. हा संबंध ज्या चित्रकाराने सर्वांत स्पष्टपणे पाहिला त्याच्यापासून आरंभ करणे उचित ठरेल.

एक मृत्यू आणि एक भिंत

१५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू या भुयारी रेल्वेस्थानकात मायकेल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला वाहतूक पोलिसांनी अटक केली. भिंतीवर लिहिल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याला रुग्णालयात आणले गेले तेव्हा तो बेशुद्ध होता. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. २८ सप्टेंबर रोजी त्याचा मृत्यू झाला. पुढे सहा पोलिसांवर खटला चालला आणि १९८५ साली सर्वांची निर्दोष मुक्तता झाली. निर्णय देणाऱ्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

ज्याँ-मिशेल बास्किया हा चित्रकार त्या वेळी बावीस वर्षांचा होता. तो स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘सेमो’ या टोपणनावाने न्यूयॉर्कच्या भिंतींवर लिहीत असे. स्टुअर्टच्या जागी आपणही असू शकलो असतो, ही जाणीव त्याला अस्वस्थ करून गेली असल्यास नवल नाही. स्टुअर्टच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत त्याने कीथ हॅरिंग या चित्रकारमित्राच्या स्टुडिओच्या भिंतीवर एक चित्र काढले. निळ्या गणवेशातील, गुलाबी चेहऱ्यांचे दोन पोलीस दंडुके उगारून उभे आहेत. त्यांच्या मध्ये एक काळी आकृती आहे. पोलिसांना डोळे आहेत, दात आहेत. मधल्या आकृतीला काहीही नाही. ती केवळ एक काळी छाया आहे. वर ‘विद्रूपण’ या अर्थाचा शब्द प्रश्नचिन्हांच्या मध्ये लिहिलेला आहे.

हा शब्द बास्कियाने कायद्याच्या भाषेतून उचलला आहे. भिंतीवर लिहिणे हा ज्या नावाने गुन्हा ठरतो तेच हे नाव. इंग्रजीत या शब्दात ‘चेहरा’ दडलेला आहे. मराठी प्रतिशब्दात ‘रूप’ आहे. आपल्याकडेही १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे, आणि निवडणुका आल्या की त्या नावाची आठवण सर्वांना होते. बास्कियाच्या चित्रात हा शब्द प्रश्नार्थक होताच त्याचा कर्ता आणि कर्म दोन्ही बदलतात. भिंतीचे रूप बिघडवल्याच्या आरोपावरून पकडलेल्या माणसाला रूपच उरलेले नाही. विद्रूपण कोणी कोणाचे केले, हा प्रश्न चित्रकाराने कोणत्याही वक्तव्याशिवाय, केवळ एक आकृती चेहऱ्याविना सोडून विचारला आहे. घाईघाईचे, जवळजवळ पोरकट वाटावे असे हे रेखाटन आहे. तांत्रिक सफाईच्या निकषावर ते बास्कियाच्या श्रेष्ठ चित्रांत बसणार नाही. तथापि पोलिसी सत्ता आणि पृष्ठभाग यांचा संबंध इतक्या थोडक्यात मांडणारे दुसरे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

या चित्राचे पुढे काय झाले हेही महत्त्वाचे आहे. हॅरिंगने स्टुडिओ बदलला तेव्हा त्याने भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला, त्याला नक्षीदार सोनेरी चौकट बसवली आणि तो आपल्या पलंगाच्या वर टांगला. २०१९ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात या एका चित्राभोवती एक संपूर्ण प्रदर्शन उभे राहिले. चित्र वाचले ते भिंत सोडल्यामुळे. चौकटीतून पाहणाऱ्या प्रेक्षकाला ते आज ‘बास्किया’ म्हणून दिसते. भिंतीवर लिहिल्याच्या आरोपाला दिलेले ते भिंतीवरचे उत्तर होते, ही गोष्ट सांगावी लागते.

स्टुअर्टच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९८२ साली, जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोघांनी ‘फुटक्या खिडक्यां’चा बहुचर्चित सिद्धांत मांडला होता. एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली तर या जागेची काळजी घेणारे कोणी नाही असा अर्थ निघतो आणि मग मोठे गुन्हे घडतात, असे त्याचे स्थूल स्वरूप. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पोलीसयंत्रणेने या विचाराला धोरणाचे रूप दिले. भिंतीवरचा रंग हा अशा रीतीने गुन्हेगारीचे लक्षण ठरला, आणि रंगाचा डबा बाळगणारा तरुण संशयित ठरला. तो तरुण बहुधा कोणत्या वर्णाचा असे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

सन्मानाची भिंत

या प्रकारच्या चित्रांची परंपरा अर्थातच बास्कियाच्या आधीची आहे. १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या अनेक शहरांत असंतोषाचा उद्रेक झाला. न्यूअर्कमध्ये त्याचे निमित्त पोलिसांनी एका टॅक्सीचालकाला केलेली मारहाण हे होते, तर डेट्रॉइटमध्ये एका बेकायदा मद्यगृहावरील पोलिसांचा छापा. डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात शिकागोच्या दक्षिण भागात, त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली अ‍ॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जीर्ण इमारतीवर, विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन आदी कृष्णवर्णीय कलावंतांनी एकत्र येऊन ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे सन्मानाची भिंत, रंगवली. सिल्व्हिया अ‍ॅबरनथी यांनी तिची विभागणी आखली होती. माल्कम एक्स, मुहम्मद अली, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, नीना सिमोन, चार्ली पार्कर अशी माणसे तिच्यावर होती. काही रंगवलेली, काही छायाचित्रांच्या रूपाने चिकटवलेली.

या भिंतीवर पोलिसांना उद्देशून काढलेले हे चित्र होते असे म्हणता येणार नाही. तिचा रोख वस्तीतील लोकांकडे होता. ज्या वस्तीकडे शहर केवळ गुन्ह्यांच्या नोंदवहीतून पाहत होते, त्या वस्तीने आपले नायक आपल्या भिंतीवर स्वतः निवडले. लोक येत, थांबत, वाद घालत, तेथे कवितावाचने होत. चित्रही स्थिर राहिले नाही. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला राजकीय नेत्यांचा भाग त्यांच्या संमतीवाचून पांढऱ्या रंगाने पुसला गेला आणि तो यूजीन वेड यांनी नव्याने रंगवला. या घटनेने कलावंतांत कटुता आली. व्यक्तिगत निर्मितीचा अभिमान आणि सामूहिक भिंतीची मागणी यांतला हा ताण पुढच्या प्रत्येक भित्तिचित्रात कोठे ना कोठे आढळतो. या परंपरेचा गौरव करताना हा ताण झाकून ठेवणे अभ्यासाला पोषक नाही. १९७१ साली इमारतीला आग लागली आणि त्यानंतर ती पाडण्यात आली. सन्मानाची भिंत जेमतेम चार-पाच वर्षे टिकली. तिच्यापासून प्रेरणा घेतलेली भित्तिचित्रे मात्र पुढील दशकात देशाच्या अनेक शहरांत उभी राहिली.

फिलाडेल्फिया : पोलीस आयुक्तांचे चित्र

फिलाडेल्फिया हे शहर आज आपल्या भित्तिचित्रांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथील ‘म्युरल आर्ट्स’ या उपक्रमाच्या खात्यावर चार हजारांहून अधिक कामे जमा आहेत. या उपक्रमाचा उगम मात्र सहसा थोडक्यात आटोपला जातो. १९८४ साली महापौर विल्सन गुड यांच्या कारकिर्दीत भिंतींवरील लिखाणाचा बंदोबस्त करण्यासाठी एक मोहीम सुरू झाली, तिचे नावच ‘भित्तिलेखनविरोधी जाळे’ अशा अर्थाचे होते. भिंतींवर लिहिणाऱ्या मुलांनी पुन्हा असे न करण्याची प्रतिज्ञा करावी आणि त्यांच्यावरील कारवाई माफ व्हावी, अशी योजना होती. जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीने या मुलांच्या हाती ब्रश दिला आणि त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली. १९९६ साली त्यातूनच म्युरल आर्ट्स आकाराला आले.

गोल्डन यांच्या कार्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. परंतु समीक्षकाने दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. ज्या नगरप्रशासनाने ही सुधारणावादी मोहीम चालवली, त्याच्याच काळात १३ मे १९८५ रोजी शहराच्या पोलिसांनी ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय संघटनेच्या ओसेज अ‍ॅव्हेन्यूवरील घरावर हेलिकॉप्टरमधून बाँब टाकला. ११ माणसे मेली, त्यांत ५ मुले होती. लागलेली आग विझवण्याची घाई झाली नाही आणि आसपासची ६१ घरे जळून गेली. गुड हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर होते, ही बाबही येथे नोंदवली पाहिजे, कारण या प्रश्नाचे उत्तर केवळ सत्तेवरील व्यक्तीच्या वर्णात शोधणाऱ्यांना ती अडचणीत टाकते. भिंती स्वच्छ करण्याची आस्था आणि घरे जळू देण्याची बेफिकिरी एकाच प्रशासनात नांदू शकते.

याच शहरात एका पोलीस आयुक्तांचे भित्तिचित्र होते. फ्रँक रिझो हे १९६७ ते १९७१ या काळात पोलीस आयुक्त आणि १९७२ ते १९८० या काळात महापौर होते. १९७० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पोलिसांनी ब्लॅक पँथरच्या कार्यालयांवर छापे घातले आणि पकडलेल्या तरुणांना भर रस्त्यात भिंतीकडे तोंड करून उभे करून विवस्त्र केले. त्या दृश्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. १९७९ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने पोलिसी अत्याचारांबाबत या शहरावर व त्याच्या अधिकाऱ्यांवर दावा दाखल केला. अशा रिझोंचे भव्य व्यक्तिचित्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९९५ साली, इटालियन बाजारातील एका इमारतीवर डायेन केलर या चित्रकर्तीने रंगवले. इटालियन वंशाच्या रहिवाशांचा तो लाडका नेता होता, आणि त्यांच्या दृष्टीने ती सुद्धा एक सन्मानाची भिंतच होती.

येथे आपला निकष कसाला लागतो. वस्तीने निवडलेला नायक, वस्तीतील भिंत, मालकाची परवानगी, या सर्व कसोट्यांवर रिझोंचे चित्र शिकागोच्या भिंतीइतकेच ‘लोकांचे’ ठरते. मग फरक कोठे? तो या चित्राच्या राखणीत आहे. पंचवीस वर्षे या चित्रावर पुनःपुन्हा रंग फेकला जाई, आणि ते पुनःपुन्हा दुरुस्त केले जाई. दुरुस्तीमागे सार्वजनिक प्रतिष्ठा लाभलेली एक संस्था होती. मायकेल स्टुअर्टला मात्र भिंतीवर लिहिल्याच्या केवळ आरोपाची किंमत प्राणांनी चुकवावी लागली. कोणत्या रंगाचे विद्रूपण होऊ द्यायचे नाही हे शहर दुरुस्तीच्या खर्चातून सांगत असते. जून २०२० च्या आरंभी रिझोंचा पुतळा महापालिकेने हलवला. म्युरल आर्ट्सने चित्राशी असलेला आपला संबंध संपवला. आणि ७ जून रोजी इमारतमालकाच्या संमतीने ते चित्र रंगाखाली गेले.

सूर्यफूल आणि चार शब्द

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये डेरेक शॉव्हिन या पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून ठेवला. डार्नेला फ्रेझियर या सतरा वर्षांच्या मुलीने ते दृश्य चित्रित केले नसते तर पोलिसांच्या पहिल्या निवेदनातील ‘वैद्यकीय कारणाने मृत्यू’ हीच नोंद कदाचित कायम राहिली असती. तिच्या या धैर्याची दखल २०२१ साली पुलित्झर मंडळाने विशेष उल्लेखाने घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शॉव्हिन दोषी ठरला. घटनेनंतर अवघ्या तीन दिवसांत, अडतिसावा रस्ता आणि शिकागो अ‍ॅव्हेन्यू यांच्या चौकातील दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर झेना गोल्डमन, ग्रेटा मॅक्लेन आणि केडेक्स हेरेरा यांनी साहाय्यकांच्या मदतीने फ्लॉइड यांचे चित्र काढले. निळ्या पार्श्वभूमीवर त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत आहे, आणि त्यांच्या डोक्यामागे एक मोठे सूर्यफूल आहे. फुलाच्या मध्यभागी, जेथे बिया असतात तेथे, पोलिसांच्या हातून मेलेल्या इतर माणसांची नावे दाटीने लिहिलेली आहेत.

या चित्राचे पहिले वैशिष्ट्य त्याने काय दाखवले नाही यात आहे. ज्या चित्रफितीने जग हादरले तिच्यातील एकही दृश्य येथे नाही. गुडघा नाही, गणवेश नाही. बास्कियाने पोलिसांना चेहरे दिले आणि मृताला दिला नाही. येथे नेमके उलटे घडले आहे. चित्रकारांनी मरणाचे दृश्य पुन्हा दाखवण्याचे नाकारले आणि जिवंतपणीच्या एका साध्या छायाचित्रातला चेहरा परत आणला. हे मला या चित्राचे मोठे सामर्थ्य वाटते. अमेरिकेच्या इतिहासात कृष्णवर्णीयांच्या हत्यांची छायाचित्रे टपालाच्या पत्रांवर छापून विकली जात असत, हे स्मरणात ठेवले म्हणजे या नकाराचे मोल ध्यानात येते.

दुसरे वैशिष्ट्य सूर्यफूल. डोक्यामागच्या वर्तुळाचा संबंध ख्रिस्ती संतचित्रांतील तेजोवलयाशी सहज जुळतो. भारतीय प्रेक्षकाला देवादिकांच्या तसबिरींतील प्रभावळ आठवेल. येथे एक धोका संभवतो. सामान्य माणसाचे संतात रूपांतर झाले की त्याला न्याय मिळण्यासाठी त्याने संत असलेच पाहिजे अशी अपेक्षा नकळत तयार होते, आणि मग त्याच्या पूर्वायुष्यातील उणिवा शोधणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. फ्लॉइड यांच्याबाबत ते घडलेही. परंतु या चित्रातील वलय रिकामे नाही, ते नावांनी भरलेले आहे. एका चेहऱ्याचा गौरव त्याच्या मागे उभ्या असलेल्या इतर मृतांच्या यादीवर आधारलेला आहे. पुढे जगभर जी अनुकरणे झाली त्यांत चेहरा तेवढा गेला, नावे बहुतेक ठिकाणी गळली. अनुकरणांचा विचार करताना ही गळती मला अधिक महत्त्वाची वाटते.

तिसरी बाब चित्रातील शब्दांची. खालच्या बाजूला मुळात ‘आता मला श्वास घेता येतो’ अशा अर्थाचे चार इंग्रजी शब्द होते. फ्लॉइड यांच्या अखेरच्या शब्दांना दिलेले हे उत्तर होते. मृत्यूनंतरची शांती असा त्याचा भाव असावा. चौकात जमणाऱ्या लोकांपैकी अनेकांना ते रुचले नाही. श्वास मिळाला असे म्हणणे म्हणजे घडलेल्या गोष्टीवर समाधानाचा पडदा टाकणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. चित्रकारांनी तो मान्य केला आणि शब्द रंगाखाली गेले. शिकागोत पॅरिश यांचा भाग पुसला गेला तेव्हा कटुता आली होती. येथे पुसणे हा चित्राच्या घडणीचाच भाग झाला. टीका, दुरुस्ती आणि पुनर्लेखन हे सर्व त्याच भिंतीपुढे, उभ्या उभ्या, झाले. समीक्षेचा व्यवसाय करणाऱ्या आपणा मंडळींना हेवा वाटावा अशी ही समीक्षा होती. तिचा परिणाम चोवीस फूट लांबून दिसत होता.

हा चौक जून २०२१ पर्यंत वाहनांसाठी बंद राहिला. लोकांनी वाहिलेली फुले, पत्रे, बाहुल्या, फलक यांतले काहीही फेकायचे नाही असा नियम तेथील स्वयंसेवकांनी केला. पावसापासून ही चीजवस्तू जपणे, सुकलेली फुले वेगळी ठेवणे, ही कामे नित्य चालत. या निगराणीला कलाव्यवहाराचे नाव देण्यास आपले सौंदर्यशास्त्र कचरते. पण भित्तिचित्र टिकते ते अशा कामांमुळे. ओहायोतील टोलेडो येथे डेव्हिड रॉस यांनी काढलेले फ्लॉइड यांचे चित्र १३ जुलै २०२१ रोजी भिंतीसकट कोसळले. वीज पडली असे सांगितले गेले, तर भिंत मुळातच जीर्ण होती असे शहराच्या अधिकाऱ्याचे मत पडले. गरीब वस्त्यांतील चित्रांना जुन्या भिंती मिळतात, हा तपशील कलासमीक्षेत येत नाही.

रस्त्यावरची पिवळी अक्षरे

वॉशिंग्टनमधील उदाहरण या सर्वांहून निराळे आहे. १ जून २०२० रोजी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळच्या लाफायेट चौकातून शांततेने निदर्शने करणाऱ्यांना बळाने हुसकावण्यात आले. ५ जून रोजी महापौर म्यूरिएल बाउझर यांच्या आदेशाने त्याच परिसरातील सोळाव्या रस्त्यावर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही अक्षरे, रस्त्याची रुंदी व्यापतील इतकी मोठी, पिवळ्या रंगात उमटली. जमिनीवरून ती धड वाचताही येत नसत. आकाशातून घेतल्या जाणाऱ्या छायाचित्रांसाठीच त्यांचे प्रमाण योजलेले होते.

स्थानिक चळवळीतील कार्यकर्त्यांनी या कृतीला देखावा म्हटले. हीच महापौर पोलिसांवरील खर्च वाढवण्याचा प्रस्ताव मांडत होती. दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांनी त्याच पिवळ्या रंगात, तितक्याच मोठ्या अक्षरांत, पोलिसांचा निधी काढून घेण्याची मागणी शेजारी लिहिली. मूळ मजकुरापुढे शहराचा ध्वज रंगवलेला होता: तीन तारे आणि त्यांच्या खाली दोन आडवे पट्टे. कार्यकर्त्यांनी तारे पुसले. उरलेले दोन पट्टे गणितातील बरोबरीच्या चिन्हासारखे दिसू लागले, आणि महापौरांची घोषणा व कार्यकर्त्यांची मागणी यांचे एक समीकरण तयार झाले. सत्तेने घेतलेला शब्द तिच्याच व्याकरणात परत मागण्याचा इतका हुशार प्रयोग विरळाच. पुढे रस्त्याच्या कामात मागणी पुसली गेली आणि घोषणा राहिली. २०२१ साली ती पक्क्या बांधकामाने कायमही करण्यात आली.

‘कायम’ या शब्दाची मुदत चार वर्षे ठरली. वॉशिंग्टन शहराच्या कारभारावर अमेरिकी काँग्रेसचा अंतिम अधिकार चालतो. मार्च २०२५ मध्ये जॉर्जियाचे प्रतिनिधी अँड्र्यू क्लाइड यांनी अक्षरे काढली नाहीत तर शहराचा वाहतूकनिधी रोखावा असे विधेयक मांडले, आणि महापौरांनी स्वतःच ती काढण्याचा निर्णय जाहीर केला. १० मार्च रोजी यंत्रांनी डांबर उखडण्यास आरंभ केला. सत्तेच्या परवानगीने उमटलेले अक्षर सत्तेची गरज बदलताच जाते, हे सांगण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. लक्षणीय हे की, ते जाताना आडवे येणारे कोणी नव्हते असे नाही, पण त्याची निगा राखणारी वस्तीही तेथे नव्हती. तो सरकारी कचेऱ्यांचा आणि हॉटेलांचा रस्ता आहे.

भिंतीबाहेर

जून २०२० मध्येच सीरियातील इदलिब प्रांतात, बिन्निश या गावी, अझीझ अस्मर आणि अनीस हमदून यांनी बाँबहल्ल्यात पडलेल्या एका घराच्या उरलेल्या भिंतीवर फ्लॉइड यांचा चेहरा काढला. बेथलेहेममध्ये इस्रायलने उभारलेल्या विभाजक भिंतीवरही तो दिसला. अशा चित्रांना केवळ सहानुभूतीचे निदर्शन म्हणून बाजूस सारणे अयोग्य होईल. बिन्निशच्या भिंतीला छप्पर नव्हते, मालक कोठे होता कोणास ठाऊक. तिच्यावर रंगवायला परवानगी मागण्याजोगे शासनच उरले नव्हते. श्वास कोंडण्याचा अनुभव त्या गावाला परका नव्हता. तेथे चेहरा अमेरिकेचा आणि भिंत सीरियाची, आणि अर्थ निर्माण होतो तो या दोहोंच्या एकत्र येण्यातून. उलट एखाद्या संपन्न शहराच्या मध्यवस्तीत, कंत्राट देऊन रंगवलेल्या तशाच चेहऱ्याजवळ हा अर्थ शिल्लक राहत नाही, मग चित्रकाराचे कौशल्य कितीही असो.

मिनिआपोलिसमध्ये त्या उन्हाळ्यात दुकानदारांनी काचांच्या संरक्षणासाठी प्लायवुडच्या फळ्या ठोकल्या होत्या आणि शेकडो फळ्यांवर चित्रे काढली गेली. दुकाने पुन्हा उघडू लागली तशी या फळ्या कचऱ्यात जाऊ लागल्या. लीसा केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळा करून साठवण्याचे काम हाती घेतले. फळ्यांना खिळ्यांची भोके आहेत, कडा पाण्याने फुगलेल्या आहेत. चौकट बसवून पलंगावर टांगलेल्या बास्कियाच्या चित्राचा प्रश्न येथेही उपस्थित होतोच: गुदामात रचलेली फळी कोणाला उत्तर देते? तरी एक फरक आहे. हॅरिंगने एक चित्र निवडले; येथे बरे-वाईट असा विवेक न करता सर्वच जमवण्याचा प्रयत्न आहे.

याच धर्तीवर मिनेसोटातील सेंट थॉमस विद्यापीठात हेदर शायरी, टॉड लॉरेन्स आणि पॉल लोरा या अध्यापकांनी २०२० साली वंशभेदविरोधी रस्ताचित्रांचा एक सार्वजनिक संग्रह सिद्ध केला. एक कलेतिहासाचा, एक लोकसाहित्याचा आणि एक भूगोलाचा अध्यापक, अशी ही रचना बहुविद्याशाखीय नियतकालिकाच्या वाचकांना विशेष रुचावी. त्यात भव्य चित्रांबरोबर विजेच्या खांबावर खडूने खरडलेले दोन शब्दही नोंदवले जातात, आणि संग्राहक त्याच जागी पुनःपुन्हा जाऊन तिची बदललेली स्थिती टिपतात. अडतिसाव्या रस्त्यावरील चित्रातील ते पुसलेले चार शब्द आता अशा जुन्या छायाचित्रांतच वाचता येतात.